राहिलेल्या सात सांजा

मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, हिरव्या कापडाची, दोनशे पानांची. माझा एक कोपरा कसरीने खाल्ला आहे आणि पाठीवर चहाचा एक गोल डाग आहे. तरीही मित्रांनो, मी स्वतःला भाग्यवान समजते. कारण माझ्या पोटात सहा जुने पाठीराखे राहतात. पाठीराखा म्हणजे जो आपल्या मागे उभा राहतो, संकटात हात देतो आणि मन प्रसन्न झालं की वर देतो, तो. माझे पाठीराखे खरे देव नव्हेत, खेळातले आहेत. पण त्यांच्यामुळे एका घरात जे घडलं, ते अगदी खरं आहे. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्यातल्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, एक लांबट खोलीच ती. तिथे मुक्ताबाई नावाच्या बाई पानं शिवायला बसत. सुई ओवताना त्या तोंडाने देवाचं नाव घेत, त्यामुळे माझ्या प्रत्येक टाक्यात एकेक नाम आहे असं मला आपलं वाटतं. शेवटच्या पुठ्ठ्याला आतून त्यांनी कागदाचा एक खिसा चिकटवला आणि माझ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "जा बाई, चांगल्या घरी पड."

मी चांगल्याच घरी पडले. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आनंदी नावाची मुलगी राहत होती. ती तेव्हा नववीत होती. वडील श्रीनिवासराव टपाल खात्यात. आई सुहासिनीबाई, अतिशय शांत स्वभावाच्या. त्यांचा चातुर्मास चालू होता आणि त्यांनी लाख वातींचा नेम धरला होता. घरात कुणीही बोलत असो, कापसाची वात त्यांच्या बोटांत वळली जात असे.

आनंदीने मला आणलं ते गणिताला नव्हे, खेळाला. तिच्या वर्गातल्या बाळचा मोठा भाऊ परदेशात होता. त्याने एक जाडजूड पुस्तक आणि पिशवीभर रंगीत फासे पाठवले होते. त्या खेळात प्रत्येकाने एक नायक व्हायचं आणि एकाने गोष्ट चालवायची. नायक राक्षसांशी लढतात, भुयारं पालथी घालतात. जमलं की नाही ते फासा ठरवतो. (बाळचं शाळेच्या पटावर भलंमोठं नाव होतं, पण सगळे त्याला बाळच म्हणत.)

गोष्ट चालवायची आनंदीने. बाळ जादूगार झाला. खालच्या मजल्यावरची श्यामला धनुर्धर झाली. आणि तिसरा नायक होता जयसिंग. तो पुण्याजवळच्या मांजरी गावचा. घरी ऊस होता, पण मुलाने शहरातल्या शाळेत शिकावं म्हणून वडिलांनी त्याला इकडे घातलं होतं. दर रविवारी तो मांजरीहून हडपसर, हडपसरहून स्वारगेट असा दोन बसेस बदलून आणि मग चालत यायचा. त्याच्या नायकाचं नाव होतं नांगऱ्या. नांगऱ्याकडे तलवार नव्हती, खांद्यावर बैलाचं जू होतं. पहिल्याच रविवारी त्याचा बैल एका राक्षसाने गिळला, तेव्हापासून तो जूच फिरवून लढायचा.

त्या खेळात नायकांना वर देणारे पाठीराखे लागतात. ते घडवायचं काम आनंदीचं, आणि ते लिहायची जागा मी.

तिने पहिला पाठीराखा लिहिला तो सोनसळी राजा. हा राजा इतका उदार की नमस्कार केला की वर! तीन रविवारांत नायकांकडे इतक्या जादूच्या तलवारी झाल्या की राक्षस दिसला तरी बाळ जांभई द्यायचा.

"कंटाळा आला बुवा," तो म्हणाला. "मागायच्या आधीच देतो हा राजा. मजा काय मग?"

आनंदीचा चेहरा पडला. तेव्हा श्रीनिवासरावांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सल्ला दिला, "तुझा राजा पुण्यातला दिसत नाही."

मग बापलेकीने मिळून दुसरा पाठीराखा घडवला. गुहेत राहणारे ध्यानस्थ बुवा. गुहेच्या दाराशी पाटी होती, ती श्रीनिवासरावांनी स्वतः माझ्यावर लिहिली: 'वर मागण्यासाठी घंटा एकदाच वाजवावी. दोनदा वाजवल्यास आम्हाला बहिरे समजता असे मानून वर दिला जाणार नाही. दुपारी एक ते चार ध्यान. दिलेला वर बदलून मिळणार नाही.' मुलं हसून लोळली. पण खेळताना बुवांनी खरंच कुणाला काही दिलं नाही, आणि हसणाऱ्यांचं भांडण झालं.

त्या संध्याकाळी आनंदी मला मांडीवर घेऊन बसली होती. सुहासिनीबाई वाती वळत जवळ आल्या.

"आई, माझे पाठीराखे नीट का होत नाहीत गं? एक सगळं देतो, एक काहीच देत नाही."

"मला तुमच्या खेळातलं काय कळतंय?" त्या हळूच म्हणाल्या. "पण आमच्या कहाण्यांत बघ. देवी एकदम वर देत नाही आणि हाकलूनही देत नाही. आधी एखादा वसा देते. लहानसाच. पण रोजचा. माणसाला रोज थोडं थोडं आपल्याकडे वळवून घेते ती, अशी ही वात वळावी तसं. मग वर देताना तिलाही माणूस ओळखीचा झालेला असतो."

आनंदीने पेन्सिल उचलली. मित्रांनो, त्या संध्याकाळी माझ्या सतराव्या पानावर सांजमावशी जन्मली. सांजमावशी तिठ्यावर राहते. दिवेलागणीला वाट चुकलेल्यांना घरी पोचवते. तिचा वसा असा: पस्तीस दिवस रोज दिवेलागणीला खेळाडूने हातातलं काम थांबवायचं आणि आपल्या नायकाने त्या दिवशी कुणाला मदत केली, ते एका चिठ्ठीवर एका ओळीत लिहायचं. रविवारी चिठ्ठ्या माझ्या खिशात टाकायच्या. पस्तीस सांजा पुऱ्या झाल्या की सांजमावशी प्रत्येकाला एक वर देणार.

एवढंच लिहून ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण सोनसळी राजाची फजिती तिला आठवली. तिने शाईचं पेन घेतलं आणि खाली ठळक लिहिलं: 'एकही सांज चुकली तर वर नाही.' ती शाई माझ्या मागच्या पानापर्यंत उतरली.

काय सांगू, पुढचे चार आठवडे माझ्या आयुष्यातले फार गोड दिवस होते. श्यामलाच्या चिठ्ठ्या नीटनेटक्या, कडेला वेलबुट्टी. बाळच्या चिठ्ठ्या गिचमिड; एकीवर आमटीसुद्धा होती. जयसिंगच्या चिठ्ठ्या जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदाच्या, घडी घालून अगदी चौकोनी. 'आज नांगऱ्यानं म्हातारीच्या विहिरीचा गाळ काढला.' 'आज नांगऱ्यानं राक्षसाच्या पोराला पोहायला शिकवलं. पोराचा काय गुन्हा?' आनंदी त्या मोठ्याने वाचायची आणि सुहासिनीबाईंची वात हातातच राहायची.

एक गंमत सांगते. हा खेळातला वसा, पण त्याने खरी माणसं बदलली. बाळची आई जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "अहो सुहासिनीताई, आमचा बाळ दिवे लागले की हल्ली पाच मिनिटं गप्प बसतो. काय जादू केलीत?"

पाचव्या रविवारी वर मिळायचा होता. आनंदीने आईची शाल पांघरली. ती आज सांजमावशी होती. पाटावर मला ठेवलं, पुढे निरांजन. श्यामलाने सात चिठ्ठ्या दिल्या, बाळने सात. दोघांच्या पस्तीस पुऱ्या झाल्या. जयसिंग उशिरा आला. दमलेला होता, शर्ट चुरगळलेला. तो दाराशीच बसला.

"तुझ्या?" आनंदीने विचारलं.

"न्हाईत," तो म्हणाला. "ह्या आठवड्यात एक बी लिवली न्हाई."

बाळ त्याच्या कानाशी सरकला. पण बाळचं कुजबुजणं म्हणजे आख्ख्या मजल्याला ऐकू जाणारं. "अरे, जिन्यात जाऊन बस. पाच मिनिटांत सात ओळी खरड. कोण बघतंय?"

"म्या बघतोय की," जयसिंग म्हणाला. "दिवं लागताना लिवायच्या व्हत्या. आता दुपारी बसून लिवल्या तर त्यो वसा न्हाई, नुसता कागुद हाय."

आनंदीने माझं सतरावं पान उघडलं. तिचं बोट त्या शाईच्या ओळीवर येऊन टेकलं. तिला जयसिंग आवडायचा, त्याच्या चिठ्ठ्या तर सगळ्यांत जास्त. पण नियम तिच्याच अक्षरात होता. आज तो मोडला तर सांजमावशीचाही सोनसळी राजा होणार, ही तिला भीती.

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली, पण आवाज काही नियमासारखा निघाला नाही.

"बरोबर हाय," जयसिंग म्हणाला आणि उठला. "तुमी दोघं वर घ्या. पुढल्या ऐतवारपासनं म्या येत न्हाई. माझ्यापायी खेळ कशाला अडायचा? न्हाईतरी दोन बशी बदलून यायचं, ते बी घरच्यांना जड जातंय." त्याने दप्तर खांद्याला लावलं.

मित्रांनो, मला हात असते तर मी त्याच्या बाहीला धरलं असतं. चार आठवडे त्याच्या चौकोनी घड्या माझ्या पोटाशी होत्या. तो गेला असता तर खेळ राहिला असता, पण आमचं चौघांचं घर मोडलं असतं. आणि ते आनंदीलाही कळत होतं, म्हणून तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण शाईचं लिहिलेलं कसं पुसायचं?

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सुहासिनीबाई म्हणाल्या, "जयसिंग, पोहे केलेत. ते खाल्ल्याशिवाय या घरातून कुणी जात नाही. बस पाहू." त्या आवाज चढवत नसत, म्हणूनच त्यांना कुणी नाही म्हणत नसे. तो बसला. बशी त्याच्या हातात देत त्यांनी सहज विचारलं, "का रे राहिलं या आठवड्यात?"

आणि तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की एवढा वेळ हे कुणी विचारलंच नव्हतं.

जयसिंग पोह्यांकडे बघत म्हणाला, "मैनाला डेंगी झाला काकू. माझी धाकटी भन. हडपसरला दवाखान्यात व्हती. आई तिच्यापाशी, बा उसाला पानी द्यायला. मग डबा म्या न्यायचो, संध्याकाळी तिच्यापाशी म्या बसायचो. दिवं लागायच्या टायमालाच तिला ताप चढायचा. तवा पट्ट्या ठेवायच्या का चिठ्ठी लिवायची?"

"आता कशी आहे?"

"काल घरी आनली. भांडाया लागली, म्हंजे बरी हाय."

श्यामला हसली, मग तिला रडू आलं. सुहासिनीबाई खाली बसल्या आणि नेहमीसारखी वात वळू लागल्या. वळता वळताच म्हणाल्या, "आनंदी, तू पहिलीत होतीस तेव्हा मला विषमज्वर झाला होता. माझा सोमवारचा नेम होता, शंकराला एकशे आठ बेलाची पानं वाहायचा. उठताच येत नव्हतं. तो मोडला का?"

"नाही ना? तू तर सांगतेस, सगळे सोमवार झाले म्हणून."

"झाले. तीन सोमवार तुझ्या बाबांनी केले."

वर्तमानपत्र हललं. "माझ्या श्रद्धेविषयी उगाच गैरसमज पसरवू नका," श्रीनिवासराव म्हणाले. "पानं मी वाहिली, एवढं खरं. देठ पुढे की मागे, यावर देवाने काही तक्रार केली नाही. तुझ्या आईने मात्र एकशे तीन तापातही केली."

"देठ उलटेच होते," सुहासिनीबाई हसून म्हणाल्या. "पण नेम झाला. आपल्यात तसंच आहे गं. अडचण आली तर नेम टाकत नाहीत आणि माणसालाही टाकत नाहीत. घरातलं दुसरं कुणी तो करतं, आणि तो पडतो आपल्याच पदरात. तुझी सांजमावशी काय म्हणेल ते मला ठाऊक नाही. ती तुझी आहे, तू जाणे."

एवढं बोलून त्या उठून आत गेल्या. आनंदीला त्यांनी उत्तर दिलं नाही. वाट मात्र दाखवली.

आनंदीने शाल सावरली. बोलली ती सांजमावशीच्या आवाजात, सावकाश: "नांगऱ्याच्या सात सांजा राहिल्या आहेत. त्या भरल्याशिवाय या घरात कुणालाच वर मिळणार नाही. पण त्या भरायच्या कुणी, हे घरच्या माणसांनी ठरवावं."

"कुणालाच म्हणजे?" बाळ ओरडला. "माझ्या पस्तीस झाल्यात ना! उडता गालिचा मागणार होतो मी."

श्यामलाने डोळ्यांनीच त्याला जयसिंगच्या खांद्यावरचं दप्तर दाखवलं.

बाळने डोकं खाजवलं. "बरं. तीन मी करतो. पण रविवारची सांज नको, त्या वेळी मामा येतो."

"रविवार धरून तीन मी," श्यामला म्हणाली. "उरलेली एक सांज, आनंदी, तू."

आता सगळं सुरळीत झालं असं मला वाटलं. पण जयसिंग परत उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मला कुनाची दया नको. चुकलं ते माझं. मागून आनलेला वर म्या घ्येनार न्हाई."

"दया?" बाळ खरोखरच चिडला. "गेल्या महिन्यात त्या विषारी भुयारात माझा जादूगार बेशुद्ध पडला. तू त्याला खांद्यावर टाकून चार खोल्या ओलांडल्यास. स्वतःचं रक्त सांडलंस. तेव्हा मी म्हणालो का, मला दया नको, इथेच मरू दे? गपचूप उचलून घेतलं ना मी स्वतःला? मग आता तू गपचूप बस आणि आम्हाला उचलू दे."

"तुझा जादूगार लई जड व्हता," जयसिंग म्हणाला.

"तूही काही हलका नाहीस," बाळ म्हणाला आणि त्याच्या बशीतले पोहे खाऊ लागला.

जयसिंगने दप्तर खाली ठेवलं. तो आवाज मला अजून आठवतो.

पुढच्या रविवारी माझा खिसा पुन्हा भरला. श्यामलाने लिहिलं होतं, 'आज नांगऱ्याने पोरक्या पाखराला घरटं बांधून दिलं.' बाळने लिहिलं होतं, 'आज नांगऱ्याने सर्वांसमोर मान्य केलं की जादूगार फार शूर आहे.' ते ऐकून जयसिंग म्हणाला, "नांगऱ्या असलं मेला तरी बोलनार न्हाई," आणि एवढा हसला की त्याला ठसका लागला. सगळ्या चिठ्ठ्या एकदम कोंबल्यामुळे माझा खिसा एका बाजूने फाटला. दुखलं, पण बरं वाटलं.

मग सांजमावशीने वर विचारले. बाळला गालिचा मिळाला, श्यामलाला कधी न संपणारा बाणांचा भाता. जयसिंगसाठी आनंदीने आधीच एक तळपती तलवार योजून ठेवली होती.

"तलवार घिऊन काय करू?" तो म्हणाला. "तलवारीनं नांगरट व्हत न्हाई. मावशे, बैल दे. एक बैल."

आनंदी गोंधळली. तलवारीचं वर्णन तिने अर्धं पान भरून लिहिलं होतं. मग तिने ते अर्धं पान खोडलं आणि बैल दिला. पांढरा, उंच वशिंडाचा. पुढे दिवाळीच्या सुट्टीत राक्षसाच्या किल्ल्याचा दरवाजा कुणाच्याच जादूने हलेना, तेव्हा तो ओढून पाडला त्या बैलानेच.

ती शाईची ओळ आनंदीने खोडली नाही. तिच्याखाली पेन्सिलने लिहिलं: 'चुकली तर आधी कारण विचारावं. मग घरातल्या कुणी ती भरावी.' पुढे तिने आणखी तीन पाठीराखे घडवले. कुणी नदीत राहणारा, कुणी वडाच्या ढोलीत. प्रत्येकाच्या पानावर तिने हा नियम पुन्हा लिहिला.

दहावी आली, खेळ थांबला. बारावी झाली, मुलं पांगली. मला माळ्यावर ठेवलं, मिक्सरच्या खोक्यात. किती वर्षं गेली ते मला नीट सांगता येणार नाही. कसरीने कोपरा खाल्ला तो तिथेच. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण चातुर्मास आला की खालून दिवेलागणीला घंटेचा आवाज यायचा आणि माझी सगळी पानं शांत व्हायची. जिच्या पोटात एवढ्या सांजा आहेत तिला अंधाराची भीती कशी वाटेल?

एक दिवस घरात जड पावलं वाजली. "काकू, ती हिरवी वही हाय का अजून?" आवाज मोठ्या माणसाचा झाला होता, पण बोली तीच. सुहासिनीबाईंनी स्वतः स्टूल लावून मला खाली काढलं. जयसिंगने खिशातला रुमाल काढून माझ्यावरची धूळ पुसली, पान पान करून. सतरावं पान आलं तेव्हा तो थांबला, आणि बोट ठेवून पेन्सिलची ती ओळ त्याने मोठ्याने वाचली.

"घेऊन जा," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आनंदीने फोनवर सांगितलंय. तुझ्याकडेच शोभेल ती."

आता मी मांजरीला असते. उसाच्या जागी इमारती आल्या आहेत, त्यातल्याच एका इमारतीत जयसिंगचं घर आहे. दर रविवारी मैनाची दोन मुलं आणि शेजारची चार, मामाभोवती बसतात. माझ्या शेवटच्या पानांवर त्यांनी नवे पाठीराखे लिहायला घेतले आहेत. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण वसे मोठे गोड आहेत. त्यातल्या एका पाठीराख्याला रोज एक खरी गोष्ट सांगावी लागते. दुसऱ्याला झाडाला पाणी घातल्याशिवाय झोपच येत नाही म्हणे.

मित्रांनो, माझी पानं थोडीच उरली आहेत, म्हणून एवढंच मागते. वही असो वा माणूस, वापरात ठेवा. माळ्यावर टाकू नका. आणि तुमच्यापैकी कुणाचा नेम राहिला, कुणी खेळाला आलं नाही, कुणाची जागा रिकामी दिसली, तर नियमाचं पान उघडण्याआधी त्याच्या घरी जाऊन या. जाताना डबा घेऊन जा. त्याची बहीण आजारी असेल.